नुसतं उभं राहायचं

तीन वर्षं मला ज्याचा पगार मिळाला ते काम एकच होतं. उभं राहायचं.

बोलायला साहेब असायचे. मी त्यांच्या मागं, दोन पावलं डावीकडं, हात पाठीमागं धरून. शिवी द्यायची नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे छापील कागदावर होतं आणि खाली माझी सही होती. कंपनी ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींना कर्ज द्यायची. नाव लिहीत नाही. हप्ते थकले की साहेब गावोगाव निघायचे, आणि ज्या घरात आपलं ऐकणार नाहीत असं त्यांना वाटायचं त्या घरी मला सोबत न्यायचे. मी तेव्हा ११८ किलो होतो. उंची ६ फूट २ इंच, आणि कान तालमीत चुरगळून भज्यासारखे झालेले. जीपमधून उतरलो की अंगणातली पोरं आत पळायची. साहेब म्हणायचे, "पैलवान, तुम्ही उतरलाव की निम्मी वसुली झाली."

हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं. लिहायला कारण झालं ते बर्फावरच्या हॉकीचं. हसू नका, सांगतो.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात होतो. कडब्याची कोप केलेली, पांडव पुजून झालेले, भज्जी आणि आंबील पोटात गेल्यावर डोळे जड झालेले. तेवढ्यात मामाच्या पोराचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅनडात विनिपेगला असतो. तिकडं उणे पंचवीस, इकडं मी लिंबाखाली बनियनवर. आंबिलीचं मडकं दाखव म्हणाला, दाखवलं. मग त्यानं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे बघ. तुझी नोकरी."

हॉकी म्हणलं की मला नांदेड आठवतं. तिथं गुरू गोविंदसिंघजींच्या नावानं मोठी स्पर्धा होते, तालमीतली आम्ही पोरं एकदा बघायला गेलो होतो. आणि बर्फ म्हणलं की रसवंतीवरची लादी, पोत्यात गुंडाळलेली. या दोन गोष्टी एकत्र असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं. व्हिडिओत दोन धिप्पाड माणसं बुटाला पाती लावून उभी होती. दोघांनी एकदम हातमोजे खाली टाकले, एकमेकांच्या सदऱ्याला धरलं आणि तोंडावर ठोसे सुरू. पंच बाजूला उभे राहून बघतायत. एक जण खाली पडला तेव्हा कुठं ते मध्ये गेले. हजारो लोक खुर्च्या सोडून उभे, बायका-पोरंसुद्धा.

कुस्तीत मी आयुष्य काढलं, पण ठोसा मारणं आमच्याकडं बसत नाही. मारला तर कुस्ती गेली. इथं ठोशांची शिक्षा काय, तर दोघांनी ५ मिनिटं एका खोक्यात बसायचं. मग परत खेळायला मोकळे.

त्या माणसांना तिकडं एन्फोर्सर म्हणतात. गोल करणं हे त्यांचं काम नाही. आपल्या संघातल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का मारला, तर मारणाऱ्याला जाब द्यावा लागेल हे समोरच्यांना कळत राहावं, म्हणून ते संघात असतात. वेन ग्रेट्झकी हा त्या खेळातला सचिन. एडमंटनच्या संघात तो खेळायचा तेव्हा त्याच्या वाटेला फारसं कुणी जायचं नाही, कारण त्याच संघात डेव्ह सेमेन्को होता. १९८३ च्या ऑल-स्टार सामन्यात ग्रेट्झकीला बक्षीस म्हणून मोटार मिळाली, ती त्यानं सेमेन्कोला देऊन टाकली. (मला साहेबांकडून दिवाळीला सोनपापडीचा डबा यायचा. पण साहेब काही ग्रेट्झकी नव्हते.)

मग मी वाचतच गेलो. मोबाइलवर, रात्री-रात्री, इंग्रजी अडखळत. डेरेक बोगार्ड नावाच्या पोरापाशी येऊन थांबलो.

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानचा. म्हणजे तिकडचा गव्हा-बिव्हाचा मुलूख, लांबच लांब रस्ते आणि लहान गावं. बाप पोलिसात. पोरगं लहानपणापासून वर्गात सगळ्यात उंच, बुजरं, खेळायला तसं बेताचंच. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात त्याचं डोकं फिरलं आणि तो समोरच्या संघाच्या बाकावरच शिरून दिसेल त्याला ठोसे मारायला लागला. त्या दिवशी बघायला बसलेल्यांत वरच्या संघाची माणसं होती. त्यांना पोरगं पसंत पडलं. खेळ बघून नव्हे, हे बघून.

पुढं तो ६ फूट ७ इंच झाला, वजन १२० किलो. मिनेसोटाच्या संघात आला. जगातली सगळ्यात मोठी लीग, एनएचएल. तिथं २७७ सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल ३. लोकांचा तो लाडका होता, त्याच्या नावाचे सदरे खपायचे. २००६ मध्ये त्यानं टॉड फेडोरुक नावाच्या अशाच एका माणसाच्या गालाचं हाड एका ठोशात मोडलं, इतकं की धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी फेडोरुक त्याच्याच संघात आला. दोघं एका खोलीत बसून बुटाच्या नाड्या बांधत असतील तेव्हा काय बोलत असतील, हे मला फार दिवस सुचत राहिलं.

२०१० मध्ये न्यू यॉर्कच्या संघानं त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर देऊन घेतलं. त्या डिसेंबरात एका मारामारीत त्याच्या डोक्याला मार बसला, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पाठ, खांदा, हात, नाक, सगळं दुखतच होतं. दुखण्याच्या गोळ्या होत्या, झोपेच्या होत्या, एका डॉक्टरकडच्या नसतील तर दुसऱ्याकडच्या. १३ मे २०११ ला तो मिनियापोलिसमधल्या घरात मेलेला सापडला. गोळ्या आणि दारू एकत्र. वय २८.

मला यात सगळ्यात आधी पटलं ते मरणाचं नाही. पटलं ते आदल्या रात्रीचं.

जॉर्ज लराक नावाचा एक जण होता, तोही असाच मोठा, अंगावर घेणारा. एकदा त्याच्या अंगावर माइक लावलेला होता, आणि मारामारी सुरू व्हायच्या आधी तो समोरच्याला शुभेच्छा देताना ऐकू आला. लोकांनी ती गंमत म्हणून बघितली. त्याच लराकनं नंतर उघड सांगितलं की मारामारी त्याला कधीच आवडली नाही, आणि उद्या कुणाशी गाठ आहे या विचारानं आदल्या दिवशीपासूनच त्याचा जीव खालीवर व्हायचा. हे लोक म्हणे वेळापत्रक आलं की पहिल्यांदा हेच बघायचे, कुठल्या तारखेला समोर कोण.

आमचं वेळापत्रक व्हॉट्सअॅपवर यायचं. रात्री नवाच्या सुमाराला साहेब दुसऱ्या दिवशीच्या गावांची यादी टाकायचे. नावापुढं फुली असली की तिथं मी उतरायचो. यादी आली की माझं जेवण संपायचं. माय म्हणायची, "भाकर का ठेवलास?" मी म्हणायचो, वजन कमी करूलालो. पहाटे चारला जाग यायची, ती तालमीच्या सवयीनं असं मीच मला सांगायचो. जोर मारायला गेलो की कोरड्या उलट्या. मारायची भीती नव्हती हो. लहानपणापासून आखाड्यात माती खाल्लेली. भीती याची होती की उद्या कुणीतरी मला बघून घाबरणार आहे, आणि त्यानं घाबरावं म्हणून मी चेहरा तसा धरणार आहे.

एप्रिल २०१६. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० डबे, सुमारे ५ लाख लिटर पाणी. लोक फलाटावर फोटो काढत होते. त्याच आठवड्यात आम्ही उदगीरच्या पुढं एका गावात गेलो. ट्रॅक्टरचे चार हप्ते थकलेले. मालक साठीचे, डोक्याला मळकी टोपी. साहेब ओसरीवर बसून कागद वाचत होते, मी अंगणात माझ्या जागी. ऊन असं की जमीन पायाला भाजत होती. म्हातारा उठला, आत गेला. मला वाटलं, कुऱ्हाड-बिऱ्हाड आणतोय का काय. तो तांब्या घेऊन आला आणि साहेबांना ओलांडून आधी माझ्याकडं आला.

"घ्या पैलवान. उदगीरच्या यात्रेत तुमची कुस्ती बघितल्ती मी. पन्नास रुपये लावल्ते तुमच्यावर."

घरात दोन घागरी होत्या, दारातून दिसत होत्या. एक उपडी होती.

मी पाणी प्यालो. नाही म्हणायला पाहिजे होतं की पिणंच बरोबर होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पिऊन तांब्या परत दिला आणि पुन्हा हात मागं धरून उभा राहिलो. अर्ध्या तासानं ट्रॅक्टर आम्ही घेऊन निघालो. म्हाताऱ्यानं सही करताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांकडं बघत होता. त्याला माझी लाज वाटत असावी, माझ्या वतीनं.

त्या रात्रीपासून झोपेची गोळी. खांदा उतरलेला होताच, त्याच्या दुखण्याच्या गोळ्या आधीच चालू होत्या. मेडिकलवाला ओळखीचा, आणि त्याला माझा अभिमान. "पैलवान आपल्या दुकानातून औषध नेतात," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. चिठ्ठी मागावी असं त्याला कधी वाटलं नाही, आणि मलाही ते सोयीचंच होतं. बोगार्डच्या गोळ्यांबद्दल वाचताना मला तो काउंटर डोळ्यापुढं आला. त्याचे डॉक्टर मोठे, माझा मेडिकलवाला साधा. पण एवढ्या मोठ्या देहाला काय होतंय, हा हिशेब दोन्हीकडं सारखाच.

त्या वर्षी, म्हणजे २०११ ला, बोगार्डच्या पाठोपाठ आणखी दोघं गेले. ऑगस्टच्या मध्याला रिक रिपियन, वय २७. हा उंचीनं फार नव्हता, पण आपल्यापेक्षा केवढ्याही माणसाला भिडायचा. वर्षानुवर्षं नैराश्य होतं, दोनदा संघातून सुट्टी घेतली होती. विनिपेगच्या संघानं नुकतंच घेतलं होतं त्याला; माझा मामेभाऊ जिथं राहतो, तिथंच. त्यानं जीव दिला. आणि महिनाअखेर वेड बेलाक, वय ३५, नुकताच निवृत्त झालेला. खोलीत सगळ्यांना हसवणारा गडी, टीव्हीवरच्या बर्फावरच्या नाचाच्या कार्यक्रमात उतरणार होता. तो गेल्यावर आईनं सांगितलं की त्यालाही नैराश्य होतं. चार महिन्यांत तिघं, तिन्ही अंगावर घेणारे.

बेलाकचं वाचल्यावर मला आमची आशाताई आठवली. दुष्काळाच्या त्या दिवसांत सरकारनं प्रेरणा प्रकल्प काढला होता. आशाताया घरोघरी जाऊन प्रश्न विचारायच्या, झोप लागते का, जेवण जातं का, जगण्यात मन लागत नाही असं वाटतं का. आमच्या घरी आली तेव्हा मी पलंगावर बसून खांद्याला तेल चोळत होतो. तिनं सगळे प्रश्न आप्पांना विचारले. आप्पा म्हणाले, सगळं बरं आहे. मग तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि वही मिटली. "दादाला काय विचारायचं, दादा पैलवान हाय." माय पण हसली. मी पण. ती बाई चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा तिनं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? नसतंच.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील हा कुठलं कुठं जोडूलालाय. त्यांची आणि माझी गोष्ट एक नाही. माझ्या डोक्याला मार बसलेला नाही. बोगार्डचा मेंदू बोस्टन विद्यापीठात तपासला तेव्हा त्यात सीटीई निघालं. डोक्याला वारंवार मार बसल्यानं टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं, आणि माणूस विसराळू, चिडका, उदास होत जातो. माणूस जिवंत असताना ते नक्की सांगता येत नाही, मेल्यावर मेंदू कापूनच कळतं. त्याच्याआधी बॉब प्रोबर्टमध्येही सापडलं होतं. तो २०१० ला ४५ व्या वर्षी हृदयानं गेला, आख्ख्या कारकिर्दीत ३,३०० मिनिटं शिक्षा झालेला माणूस. आता ५ मिनिटांच्या हिशेबानं ठोसे मोजू नका, शिक्षा दुसऱ्याही असतात. पण तरी.

टॉड युअनचं तर मला फारच लागलं. त्याला खात्री होती की आपल्यालाही सीटीई आहे. ती भीती घेऊन जगला आणि २०१५ मध्ये ४९ व्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. पहिल्या तपासणीत मेंदूत काही सापडलं नाही असं आलं. पुढं बोस्टनमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा सापडलं. म्हणजे माणूस बरोबर होता. पण मला वाटतं, तो चुकीचा निघाला असता तरी त्याच्या रात्री काही कमी लांब झाल्या नसत्या.

लीगचे प्रमुख गॅरी बेटमन मारामारी आणि हा आजार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असंच वर्षानुवर्षं म्हणत आलेत. २०२३ ला कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९६७ पासूनच्या खेळाडूंच्या नोंदी काढून बघितल्या. मारामारी करणारे एकूण जास्त मेले असं काही दिसलं नाही. पण जे मेले ते त्यांच्याबरोबरीच्या इतर खेळाडूंपेक्षा सरासरी १० वर्षं आधी, आणि कारणांत आत्महत्या आणि नशेच्या औषधांचा अतिरेक जास्त.

मामेभाऊ म्हणतो, आता ते दिवस राहिले नाहीत. २००८-०९ च्या हंगामात सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या, आता त्याच्या निम्म्याही होत नाहीत. खेळ वेगवान झाला, नुसत्या ठोशांसाठी माणूस ठेवणं परवडत नाही. क्वेबेकच्या ज्युनियर लीगनं २०२३ पासून मारामारीवर बंदीच घातली. आमच्याकडंही आता वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चांगलं आहे. पण उभं राहणं कुठल्या कलमात बसवणार?

मी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. सोडली नाही. २०१७ ला कंपनीनं शाखाच गुंडाळली. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, कुठंही गरज पडली तर सांगतो. गरज पडत राहिली. प्लॉटिंगवाले, मंगल कार्यालयवाले, एक-दोन पुढारी. सगळे एकच वाक्य बोलतात, "काही करायचं नाही पैलवान, नुसतं शेजारी उभं राहायचं." दोनदा गेलो. खोटं कशाला बोलू.

बोगार्डबद्दल वाचलं त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा रिंग वाजली आणि कट केला. दुसऱ्यांदा मराठीत बाई बोलल्या. "काय होतंय?" म्हणल्या. मला काय होतंय ते सांगताच येईना, म्हणून मी त्यांना म्हाताऱ्याच्या तांब्याचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग झोपेच्या गोळ्या कुठल्या, किती वर्षं, एवढं विचारलं, आणि सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं जा म्हणल्या. गोळ्या एकदम बंद करू नका, त्यांना विचारून कमी करा. गेलो. रांगेत एक जण ओळखीचा निघाला, त्यानं विचारलं, "पैलवान, तुम्ही कुणासोबत आलाव?" मी म्हणलं, मीच आलोय. त्याला ते खरं वाटलं नाही. तो इकडंतिकडं बघत राहिला, माझ्यासोबतचा पेशंट कुठाय म्हणून.

गोळ्या आता पावावर आल्यात. यादी येत नाही तरी रात्री नवाला फोनकडं हात जातो.

सध्या सकाळ-संध्याकाळ तालमीत असतो, पोरांना शिकवतो. त्यात एक सतरा वर्षांचं पोरगं आहे. आत्ताच ६ फूट ३ इंच. बाप नाही, माय रोजानं जाते. बोलत नाही फारसं, खेळायला हळू आहे, पण उभं राहिलं की दार झाकतं. गेल्या महिन्यात एक पांढरी गाडी तालमीसमोर थांबली. ओळखीचा माणूस, प्लॉटिंगचा धंदा. माझ्याशी रामराम केला, पण बघत होता पोराकडं. हाळीच्या बाजारात देवणी बैल बघतात तसं, आधी खांदा, मग पाय, मग चाल.

"कुणाचं हो हे पोरगं?"

मी पोराला हाक मारली आणि तळ्यापर्यंत पळून यायला सांगितलं. तळं चार किलोमीटर आहे. ते काही न विचारता निघालं. गाडीवाला थोडा वेळ थांबला, चहा पिला, घड्याळ बघितलं, पुन्हा येतो म्हणून गेला.

पोरगं तासाभरानं आलं, घामानं निथळत.

"वस्ताद, ते कोण आल्ते?"

"बैल बघायला आल्ते," मी म्हणलं. "जा, माती टाक अंगावर."